पाऊण टनाच्या पिकअपवर ३५ फुटी फिफ्थ व्हील झेपेल का? डीलर हो म्हणतोय, स्टिकर नाही म्हणतंय

डॅलसचा_वाटसरू

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा, रविवारपर्यंत डीलरला हो किंवा नाही कळवायचंय आणि दोन आठवडे वाचून वाचून डोकं बधिर झालंय.

गेल्या वर्षी पिकअप घेतली, पाऊण टनवाली, म्हणजे एफ-२५० / २५०० क्लास म्हणतात ती. डिझेल, क्रू कॅब, फोर बाय फोर, साडेसहा फुटी बेड (मागचा उघडा हौदा), वरचं ट्रिम. तेव्हा ट्रेलर वगैरे काही डोक्यात नव्हतं. आता आई मे महिन्यात साताऱ्याहून येतेय, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या लांब एकटी येतेय, आणि तिला घेऊन आम्ही सगळे तीन आठवडे कोलोरॅडोला जायचं असं ठरवलंय. मोटेलमध्ये रोज सामान काढा भरा, तिचं पथ्याचं खाणं, तिच्या औषधांच्या वेळा, ते नको म्हणून ट्रेलर बघायला गेलो आणि बायकोला आणि मुलांना एक फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपच्या बेडमध्ये जोडायचा राहायचा ट्रेलर, फार आवडलं. ३५ फूट, तीन स्लाइड-आउट (उभं केल्यावर बाजूला सरकून बाहेर येणारे भाग), मागे मोठी खिडकी, स्वयंपाकघर आमच्या पहिल्या अपार्टमेंटपेक्षा मोठं.

आकडे असे आहेत. ट्रेलरच्या स्टिकरवर रिकामं वजन १०,१२० पाऊंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट जास्तीत जास्त वजन) १२,९००. ब्रोशरमध्ये हिच वेट, म्हणजे जोडल्यावर ट्रकवर येणारा पुढचा भार, १,८४०. माझ्या ट्रकची फिफ्थ व्हील टोइंग कपॅसिटी कंपनीच्या तक्त्यात १५,००० च्या वर आहे, त्यामुळे सेल्समन म्हणाला की दोन हजार पाऊंड शिल्लक आहेत, आरामात ओढेल, डिझेल आहे काही काळजी करू नका. पण ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला जे पिवळं पांढरं स्टिकर असतं त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून २,१५४ पाऊंडांच्या वर जाऊ नये. हे मी त्याला दाखवलं तर म्हणाला की ते फक्त ट्रकमध्ये ठेवलेल्या सामानाचं असतं, ट्रेलरचा त्याच्याशी संबंध नाही.

हे खरं आहे का? आम्ही पाच जण, मी १८५, बायको १४५, आई १३०, मुलगा १०५, मुलगी ६०. हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) अजून घेतलेली नाही. डिपॉझिट भरलंय पण ते परत मिळतं असं लेखी आहे. ज्यांनी स्वतः ओढलंय त्यांनी स्पष्ट सांगा, वाईट बातमी असली तरी चालेल.

गॅसकेट (मिशिगन)

संबंध नाही हे साफ चूक आहे. फिफ्थ व्हीलचा पुढचा भार म्हणजे पिन वेट हा थेट तुमच्या बेडमध्ये येऊन बसतो, ट्रकच्या दृष्टीने ते बेडमध्ये सिमेंटच्या गोण्या टाकल्यासारखंच आहे. ट्रेलर चाकांवर मागे येतो हे खरं पण त्याचा जो पाचवा हिस्सा तुमच्या मागच्या ॲक्सलवर येतो तो पेलोडमध्येच, म्हणजे स्टिकरवरच्या त्या २,१५४ मध्येच, धरायचा.

मी इथे चासिस टेस्टिंगमध्येच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तो १५ हजारचा आकडा खोटा नाहीये पण तो कशाचा आहे ते समजून घ्या. टो रेटिंग जे२८०७ नावाच्या एसएईच्या (वाहन अभियंत्यांची संघटना) पद्धतीने काढतात. त्यात ट्रकला ट्रेलर जोडून चढ चढवतात, वेग किती राहतो, गरम होतो का, थांबलेल्या अवस्थेतून चढावर निघतो का, वळताना स्थिर राहतो का हे सगळं बघतात. चढाची टेस्ट ॲरिझोनात डेव्हिस डॅमच्या रस्त्यावर धरलेली आहे, स्टेट रूट ६८, साधारण साडेअकरा मैलांचा चढ, बाहेर १०० फॅरनहाइट आणि एसी फुल चालू ठेवून, एका बाजूला एकच मागचं चाक असलेल्या ट्रकने ४० च्या खाली यायचं नाही. टेस्ट चांगली कडक आहे. पण त्यात ट्रकमध्ये माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पाऊंडांची, आणि वरच्या ट्रिमचा सगळा जामानिमा धरलेलाच असतो असं नाही. तुमच्याकडे पाच माणसं आहेत आणि सनरूफ, पॉवर फूटबोर्ड, लेदर सीट हे सगळं वजन आधीच पेलोडमधून कापलं गेलंय. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कितीतरी जड असतं तेही त्यातूनच गेलं. म्हणून गंमत अशी होते की ओढायला ताकद वाढते आणि उचलायला जागा कमी होते. त्याच क्लासमधला साधा पेट्रोलचा ट्रक घेतला असता तर स्टिकरवर हजारभर पाऊंड जास्त दिसू शकले असते.

आता तुमचाच हिशोब करतो. २,१५४ मधून माणसांचे ६२५ वजा, राहिले १,५२९. साडेसहा फुटी बेड आहे म्हणजे बरीच लोक स्लायडर हिच घेतात, साधी घेतली तरी दीडशे ते अडीचशे पाऊंड जातात, १८० धरू, राहिले १,३४९. बेडमध्ये जॅक, लाकडी ठोकळे, टूलबॉक्स, जनरेटर, खुर्च्या यांचे १७० धरा, हे कमीच धरलेत. उरले १,१७९. एवढाच पिन वेट तुमचा ट्रक स्टिकरप्रमाणे घेऊ शकतो.

ट्रेलरकडून बघू. ब्रोशरमधले १,८४० हे कारखान्यातून निघताना रिकाम्या ट्रेलरचे आहेत. त्यात पाणी नाही, कपडे नाहीत, भांडी नाहीत, गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्याही बऱ्याच वेळा नसतात. आणि फिफ्थ व्हीलची सामान ठेवायची मोठी जागा बरोबर पुढे किंगपिनच्या (ट्रकच्या हिचमध्ये अडकणारी खुंटी) मागे असते, बेडरूमचं कपाटही पुढेच, त्यामुळे जे जे भराल त्यातलं बरंचसं पिनवर येतं. भरलेल्या फिफ्थ व्हीलचा पिन वेट एकूण वजनाच्या २० ते २५ टक्के धरायची पद्धत आहे. तीन आठवडे पाच माणसं म्हणजे १२,००० पाऊंड होणारच, २१ टक्के धरले तर २,५२०.

तुमच्याकडे जागा १,१७९ ची, येणार २,५२०. साडेतेराशे पाऊंड जास्त. रिकामा ट्रेलर नुसता घरी आणायचा म्हटलं तरी १,८४० चा पिन मर्यादेच्या वर जातोय. हे काठावरचं प्रकरण नाहीये, माझ्या मते हा ट्रेलर या ट्रकसाठी नाहीच.

लांबपल्ला

मी वेगळं मत मांडतो. सहा वर्षं पाऊण टनाच्या डिझेलवर ११,००० पाऊंडांचं फिफ्थ व्हील ओढतोय, टेनेसी, जॉर्जिया, फ्लोरिडा सगळं फिरलोय. पेलोड स्टिकरवर मीही वर आहे, पाचसहाशे तरी असेन. पण ट्रकचा स्वतःचा जीव्हीडब्ल्यूआर, तो १०,००० चा आकडा, बऱ्याच ट्रकवर रजिस्ट्रेशनचा क्लास सांभाळायला तिथे थांबवलेला असतो, १०,००० च्या वर गेलं की काही राज्यांत फी आणि नियम बदलतात. खालचा ॲक्सल, ब्रेक, फ्रेम हे बऱ्याच वेळा एक टनवाल्या ट्रकचंच असतं, फरक असतो तो स्प्रिंगच्या एकदोन पात्यांचा. म्हणून जुने लोक मागच्या ॲक्सलचं रेटिंग आणि टायरचं रेटिंग बघतात. मी एअरबॅग बसवल्यात, ट्रक सपाट उभा राहतो, काही त्रास नाही. स्टिकर बघून घाबरून स्वप्न सोडू नका एवढंच म्हणतो.

गॅसकेट (मिशिगन)

लांबपल्ला, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही, काही मॉडेलांमध्ये पाऊण टन आणि एक टन यांचं खालचं सामान खरंच बरंचसं सारखं असतं. पण कुठल्या वर्षाच्या कुठल्या ट्रकमध्ये काय सारखं आहे हे घरबसल्या ठरवता येत नाही, स्प्रिंग, रिम, टायर, ब्रेक यातला एक जरी भाग हलका असला तरी तीच मर्यादा. आणि एअरबॅगबद्दल कळकळीने सांगतो, एअरबॅगने ट्रकची पाठ वर येते, रेटिंग एक पाऊंडानेही वाढत नाही. एअरबॅग विकणारे स्वतःच डब्यावर तसं छापतात. उलट ट्रक खाली बसलेला दिसला की माणूस सावध होतो, एअरबॅग लावली की तो इशारा नाहीसा होतो.

वाटसरू, तरी ॲक्सलच्या बाजूनेही तपासूच म्हणजे शंका राहणार नाही. दारावरच दुसरं एक स्टिकर असेल, त्यावर पुढचा आणि मागचा जीएडब्ल्यूआर (त्या ॲक्सलची वजनाची मर्यादा) लिहिलेला असतो, मागचा किती आहे ते इथे टाका. आणि टायरच्या बाजूवर साइझनंतर एक लोड इंडेक्स असतो, १२१ असेल तर एका टायरला १,४५० किलो म्हणजे साधारण ३,१९७ पाऊंड, तेही हवा टायरवर लिहिलेल्या पूर्ण प्रेशरला असेल तर. दोन टायर मिळून ६,४०० च्या आत.

ऊसवाला (फ्रेझ्नो)

कागदावर किती भांडलं तरी काटा करून घ्या म्हणजे विषय मिटतो.

आमचं घर सांगलीकडचं, वडिलांची ऊस वाहतूक होती, ट्रॅक्टरला दोन ट्रेलर. कारखान्याच्या गेटवर गाडी आधी भरलेली काट्यावर जाते, मग गव्हाणीत ऊस खाली करून रिकामी परत काट्यावर, दोन्हीतला फरक तो ऊस. इथेही तेच करायचं. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल म्हणून काटे असतात, पिवळ्याकाळ्या बोर्डावर लिहिलेलं असतं, पंधराएक डॉलर लागतात आणि चोवीस तासांच्या आत त्याच काट्यावर पुन्हा केलं तर अगदी थोडे. काट्याला तीन वेगळ्या पट्ट्या असतात, पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर जोडला असेल तर त्याची चाकं तिसरीवर. पावतीवर तिन्ही वेगळे छापून मिळतात. मोठ्या ट्रकवाल्यांच्या मध्ये जायला संकोच वाटतो पण जा, सकाळी लवकर गर्दी नसते, आणि आता मोबाइल ॲपवरूनही होतं, खाली उतरावं लागत नाही.

आत्ता ट्रेलर नाहीये तर नुसता ट्रक करा. टाकी फुल, घरातले जेवढे येणार तेवढे आत बसवून, बेडमध्ये जे कायम असतं ते ठेवून. ही झाली तुमची रिकामी गाडी. पुढे कधी ट्रेलर जोडाल तेव्हा पुन्हा काटा करायचा, ट्रकच्या दोन ॲक्सलची बेरीज किती वाढली ते बघायचं, तो तुमचा खरा पिन वेट. ब्रोशर फेकून द्या.

माझ्या स्वतःच्या ट्रेलरचं ब्रोशर म्हणत होतं १,३५० आणि पावतीवर निघाले १,९१०. एक टनवाला ट्रक आहे म्हणून निभावलं.

कॅलिफोर्नियात येणार असाल तर अजून एक, इथे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ चीच मर्यादा आहे, बाकीचे ७० ने जात असले तरी. आणि इथलं लायसन्स असेल तर १०,००० च्या वरच्या फिफ्थ व्हीलला वेगळं एन्डॉर्समेंट लागतं, १५,००० च्या वर नॉन-कमर्शिअल क्लास ए. टेक्सासचं तुम्ही बघा.

पनवेलकर७७

मी भारतातूनच वाचतोय, कळंबोलीला ट्रेलरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे न्हावाशेव्याच्या कंटेनरला पुढच्या गाडीला हॉर्स म्हणतात आणि त्यावर जी गोल प्लेट असते तिला फिफ्थ व्हील. हे घरवाले ट्रेलर पण तसेच किंगपिनने जोडतात का? पाचवं चाक का म्हणतात हे कधी कोणी सांगितलं नाही.

ऊसवाला (फ्रेझ्नो)

हो पनवेलकर, तीच किंगपिन आणि तोच जबडा, फक्त आकार लहान आणि प्लेट पिकअपच्या बेडमध्ये बसवतात. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे, चार चाकांच्या बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक ठेवायचे, चार फिरणारी आणि हे पाचवं आडवं. तेच नाव ट्रकला चिकटलं.

घाटरस्ता (कोलोरॅडो स्प्रिंग्ज)

डॅलसहून येताय म्हणजे २८७ ने अमॅरिलो, तिथून डॅलहार्ट, क्लेटन, राटन आणि मग आय-२५ ने राटन पास ओलांडून ट्रिनिडाड असाच रस्ता घ्याल. राटन पास ७,८०० फुटांच्या थोडा वर आहे, तो काही फार अवघड नाही. त्याच्या आधीचा टेक्सासचा वरचा पट्टा मला जास्त त्रासाचा वाटतो, उघडं माळरान, आडवा वारा, आणि ३५ फुटी ट्रेलर म्हणजे बारा तेरा फूट उंच भिंत. ट्रक त्याच्या वजनाच्या मर्यादेत असेल तर वारा नुसता ढकलतो, वर असेल तर पुढची चाकं हलकी झाल्यासारखी वाटतात आणि स्टीअरिंगचं ऐकेनाशी होतात.

खरी परीक्षा इथे आल्यावर. आय-७० चा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडल्या पडल्या सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. बाजूला ट्रक पळाले तर घुसवायला वाळूखडीचे रॅम्प बांधलेत ते उगाच नाही. दक्षिणेला पगोसा स्प्रिंग्जकडे जाणार असाल तर वुल्फ क्रीक पास, १०,८५७ फूट, तोही तसाच. चढताना तुमचं डिझेल टर्बो असल्यामुळे उंचीवर फारसं दमणार नाही, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन मात्र दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद सोडतं. म्हणून सगळे इंजिनाच्या गप्पा मारतात. मला काळजी उतरण्याची असते.

आठ वर्षांपूर्वी मी स्वतः अर्ध्या टनाच्या पिकअपवर झेपेल त्यापेक्षा जड ट्रेलर घेऊन एका पासवरून उतरत होतो. ट्रेलरच्या ब्रेकची वायर कुठेतरी सुटली होती, मला कळलं नाही, सगळं वजन ट्रकच्या ब्रेकवर आलं. तिसऱ्या वळणाला पेडल मऊ लागायला लागलं आणि जळका वास आला. मागे मुलगी झोपली होती. खालच्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक हळूहळू ओढत, एका रुंद कडेला थांबवता आलं आणि मग तिथे दीड तास बसून होतो, पाय थरथरत होते. त्यानंतर पहिलं काम एक टनाचा ट्रक घेतला आणि प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी सपाट रस्त्यावर २०-२५ च्या वेगात फक्त ट्रेलर ब्रेकचा हात दाबून बघतो, ट्रेलर मागून खेचतोय असं स्पष्ट जाणवलं पाहिजे पण चाकं घसरायला नकोत. गेन (ट्रेलर ब्रेकचा जोर) त्याप्रमाणे सेट करायचा. उतारावर टो-हॉल मोड, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि ज्या गिअरने चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरायचं, ब्रेक मधून मधून ठाम दाबायचा आणि सोडायचा, पाय ठेवून द्यायचा नाही.

लांबपल्ला फ्लोरिडा जॉर्जियात सहा वर्षं फिरले ते मान्य, पण तिथे असे उतार नाहीत. तेराशे पाऊंड वर जाऊन, आईला आणि मुलांना मागे बसवून इथे येऊ नका ही मनापासून विनंती.

शेवंती

वाटसरू दादा, वजनाचं सगळ्यांनी सांगितलंय, मी एक वेगळी गोष्ट विचारते. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? फिफ्थ व्हीलमध्ये मुख्य बेडरूम पुढे हिचच्या वर असते, आत तीन चार पायऱ्या चढून जावं लागतं, बाथरूमही बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच वर. बाहेरून आत यायला परत तीन चार पायऱ्या. माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या तेव्हा रात्री दोनदा तीनदा उठायचं आणि अंधारात त्या पायऱ्या, मला झोपच लागायची नाही. शेवटी त्यांना खाली सोफ्यावर झोपवलं आणि त्यांना ते अवघडल्यासारखं झालं.

आम्ही नंतर ते विकून साधा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, मागच्या बंपरखालच्या रिसिव्हरला जोडतात तो, आत सगळं एकाच पातळीवर. त्याचा पुढचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्केच धरतात त्यामुळे पाऊण टनाच्या ट्रकला तो नीट झेपतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (पुढचा भार सगळ्या चाकांवर वाटणारी) मात्र घ्यावी लागते, आणि वाऱ्यात तो फिफ्थ व्हीलपेक्षा जास्त डुलतो हे खरं आहे, म्हणून डुलणं थोपवणारी हिच घ्या, पैसे वाचवू नका त्यात.

आणि सामानाचं सांगते कारण आपल्या लोकांचं तिथेच चुकतं. पहिल्या ट्रिपला मी वीस पाऊंडांची आट्याची बॅग, वीस पाऊंड तांदूळ, डाळी, दोन कुकर, मिक्सर, पोळपाट, पाण्याच्या बाटल्यांचे चार क्रेट असं सगळं पुढच्या कपाटात भरलं होतं. नवऱ्याने सगळं काढून बाथरूम स्केलवर तोललं, चारशेच्या वर गेलं, फक्त स्वयंपाकघराचं. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाऊंड, साठ गॅलनची टाकी भरून निघालात की पाचशे पाऊंड नुसतं पाणी घेऊन डोंगर चढताय. आता आम्ही टाकीत वाटेपुरतं पाणी ठेवतो आणि कॅम्पग्राउंडला पोचल्यावर भरतो. पुएब्लोला, डेन्व्हरला इंडियन ग्रोसरी मिळते की नाही ते निघण्याआधी बघून ठेवा, सगळं डॅलसहून न्यायची गरज पडत नाही.

डॅलसचा_वाटसरू

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. घाटरस्ता, तुमचा अनुभव बायकोला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही.

काल सकाळी सहाला काटा करून आलो. टाकी फुल, आम्ही चौघं आणि आईच्या जागी मुलाचा मित्र बसवला, त्याचं वजन तेवढंच आहे. बेडवर कव्हर बसवलंय ते आणि टूलबॉक्स होता. पावती अशी आली, पुढे ४,८६०, मागे ३,८४०, एकूण ८,७००. जीव्हीडब्ल्यूआर १०,००० म्हणजे राहिले १,३००, त्यातून हिचचे १८० गेले की पिनसाठी १,१२०. गॅसकेट, तुम्ही घरबसल्या १,१७९ काढले होते.

मागचा जीएडब्ल्यूआर ६,२०० आहे. त्यातून ३,८४० आणि हिचचे १८० वजा केले तर २,१८०. लांबपल्ला दादा, तुमच्या पद्धतीने नुसता ॲक्सल बघितला तरी २,५२० चा पिन त्यात मावत नाही. टायरचा लोड इंडेक्स १२१ निघाला.

एक टनाचा ट्रक घ्यायचा का हाही विचार केला. दोन चाकंवाला, म्हणजे मागे एका बाजूला एकच, त्याचा पेलोड काही मॉडेलांमध्ये ३,५०० च्या वर मिळतो आणि त्यावर हे फिफ्थ व्हील बसलं असतं. ड्युअलीला (मागे एका बाजूला दोन चाकं असलेला) तर काहीच प्रश्न नव्हता, पण १४,००० चा ड्युअली आणि १२,९०० चा ट्रेलर मिळून २६,००० च्या वर जातं आणि टेक्सासमध्ये मग क्लास ए लायसन्स लागतं, कमर्शिअल नाही पण वेगळी परीक्षा आहे. आणि मुळात एका वर्षात ट्रक बदलायचा म्हणजे जे नुकसान होईल त्यात आईला बिझनेस क्लासने दोनदा आणता येईल.

शेवंतीताई, आईचे गुडघे खराबच आहेत, उजवा जास्त. पायऱ्यांचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काल व्हिडिओ कॉलवर तिला तो फिफ्थ व्हीलचा व्हिडिओ दाखवला तर पहिलं तेच म्हणाली, वर कोण चढणार रे.

डीलरला आज नाही म्हणून कळवलं, डिपॉझिट परत येतंय. आता २७ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बघतोय, जीव्हीडब्ल्यूआर ७,६००, आत एकाच पातळीवर, आईसाठी खाली वेगळा बेड आणि मुलांना बंक. पूर्ण भरून १५ टक्के धरले तरी पुढचा भार १,१४०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे १०० सोडून माझ्याकडे १,२०० आहेत. काठावर आहे पण १३ टक्के आला तर दोनशेची मोकळीक राहते. ट्रकच्या रिसिव्हरवर काय लिहिलंय ते बघायचं राहिलंय.

गॅसकेट (मिशिगन)

रिसिव्हरवर दोन आकडे असतील, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावून आणि न लावता, दोन्हीचे फोटो टाका. हिचचा बॉल माउंट किती खाली हवा ते ट्रेलर सपाट जमिनीवर ठेवून मोजल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि बेडवरचं ते कव्हर घरी ठेवून निघालात तर अजून ऐंशीएक पाऊंड मोकळे होतील.

घाटरस्ता (कोलोरॅडो स्प्रिंग्ज)

फार बरं वाटलं वाचून. मे अखेरीस वरच्या पासांवर बर्फ पडू शकतो, जूनचा दुसरा आठवडा धरा. ट्रिनिडाडला पोचलात की मेसेज करा, पहिल्या रात्री आमच्याकडे जेवायला या, ट्रेलर लावायला रस्त्यावर भरपूर जागा आहे.